‘घरात शांतता ठेवा’ म्हणजे भावना गिळायच्या का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. तुमच्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. मधली दोन वर्षं बरी गेली, यंदा पुन्हा ॲडमिट करावं लागलं आणि तीन आठवड्यांपूर्वी तो कराडला घरी आला. घरात आई, बाबा आणि तो. बाबा गेल्या वर्षी एसटीतून निवृत्त झाले. तुम्ही लग्नानंतर पुण्यात. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, “गोळ्या वेळेवर द्या आणि घरातलं वातावरण शांत ठेवा.” तेव्हापासून आई तोंडातून शब्द काढत नाही, पण दिवसभर त्याच्या मागे मागे असते. बाबा दोन दिवस गप्प राहतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम बाहेर काढतात. तुम्ही विचारलंय, “आम्ही माणसं आहोत. राग येतो, रडू येतं. भावना बाजूला ठेवून घर कसं चालवायचं?”

नाही चालवता येत. आणि डॉक्टरांना तसं म्हणायचंही नसावं. मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. निदान आणि गोळ्या डॉक्टर बघतात, घरच्यांशी बोलायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. ‘वातावरण शांत ठेवा’ हे वाक्य घेऊन बाहेर आलेले नातेवाईक माझ्यासमोर बसतात आणि तुम्ही विचारलंत तेच विचारतात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे: घरातली कुठली भावना त्याच्यापर्यंत कशा रूपात आणि दिवसातले किती तास पोचते, आणि बाकीच्या भावनांना बाहेर पडायला दुसरी वाट आहे का?

हे सगळं कुठून आलं ते आधी सांगते, कारण कारण पटल्याशिवाय बाबा बदलणार नाहीत असा माझा अंदाज आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते बघत होते. आपल्याला वाटेल की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले जास्त सावरले असतील. झालं उलटं. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांचा आजार कमी उलटला. मग ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या मुलाखती टेप केल्या आणि शब्दांइतकंच आवाजाकडे लक्ष दिलं: सूर कधी चढला, जोर कुठे आला. टीका, तिटकारा, गरजेपेक्षा जास्त गुंतणं, ऊब आणि कौतुक असं त्यातून मोजलं. १९७२ साली १०१ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. टीका, तिटकारा किंवा अतिगुंतणूक जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के जणांचा आजार उलटला. जिथे ती कमी होती तिथे १६ टक्के.

१९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी हेच पुन्हा तपासलं आणि आधीची माहिती जोडून १२८ जणांचं चित्र मांडलं. ते बाबांना दाखवण्यासारखं आहे. टीका जास्त असलेलं घर, आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर आणि गोळ्या बंद: ९२ टक्के जणांचा आजार उलटला. तेच घर, तेवढाच सहवास, पण गोळ्या चालू: ५३ टक्के. तेच घर, गोळ्या चालू आणि सहवास ३५ तासांच्या आत: १५ टक्के. शांत घरात गोळ्या घेणाऱ्यांमध्ये: १२ टक्के. हे गट लहान होते, म्हणून आकडे तंतोतंत धरून बसू नका. पण १९९८ साली बट्झलाफ आणि हूली यांनी २७ अभ्यास एकत्र केले तेव्हाही हा संबंध टिकला. नैराश्यासारख्या भावनिक आजारांत आणि खाण्याच्या विकारांत तर तो आणखी ठळक निघाला.

इथे एक धोका आहे. त्या नऊ महिन्यांत शांत घरातल्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फारसा फरक दिसला नव्हता. हे ऐकून काही घरांत ‘आपण नीट वागतोय ना, मग गोळ्या कशाला’ अशी चर्चा सुरू होते. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा शांत घरांतही गोळ्या चालू ठेवणाऱ्यांचीच तब्येत बरी होती. तेव्हा गोळ्यांना हात लावायचा नाही. काही बदल हवा असेल तर डॉक्टरांशी बोलूनच.

आणि आईला हे नक्की सांगा: तुमच्यामुळे त्याला हा आजार झाला नाही. एके काळी आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असं तज्ज्ञच म्हणायचे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी त्यासाठी खास शब्दही वापरला होता. त्या कल्पनेला पुढे पुरावा मिळाला नाही, पण तिने कितीतरी आयांचा जीव आयुष्यभर जाळला. वरचे सगळे अभ्यास आजार होऊन गेल्यावर तो पुन्हा उलटण्याबद्दल आहेत. शिवाय गोष्ट दोन्ही बाजूंनी चालते. जो मुलगा रात्रभर जागतो, जेवण ढकलून देतो, त्याच्या घरातल्यांचा आवाज चढणारच. मी कुणावर ठपका ठेवत नाहीये. घराच्या हातात काय आहे एवढंच बघतेय.

शांत घर म्हणजे नुसता त्रास नसलेलं घर, असंही समजू नका. १९७९ साली टॅरियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेवरच्या घामातले बारीक बदल यंत्रावर मोजले. ताण असला की हे बदल वाढतात. कमी टीका करणारं घरचं माणूस खोलीत आलं की ते कमी होत गेले. जास्त टीका करणारं माणूस आलं की तसेच चढे राहिले. म्हणजे घरातलं एखादं माणूस नुसतं येऊन बसलं तरी त्याचं शरीर निवतं. दवाखान्यातून नुकतं परतलेलं मन भाजलेल्या कातडीसारखं असतं, साधा वाराही झोंबतो. त्यावर असा हात असणं ही फार मोठी मदत आहे. घरात ते माणूस कोण आहे, हे तुम्ही ओळखा. कधी कधी ती आजी असते, कधी शेजारचे काका.

आता बाबांकडे येऊ. तुम्ही त्यांचं वाक्य लिहिलंय: “एवढा मोठा घोडा झालाय, अकरा वाजता उठतो, अंघोळ नाही, काम नाही.” हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येतं. तुमचा भाऊ जेव्हा म्हणायचा की समोरच्या बिल्डिंगमधून लोक त्याच्यावर नजर ठेवतात, तेव्हा बाबांना राग आला नव्हता, भीती वाटली होती. कारण तो आजार आहे हे उघड दिसत होतं. पण नुसतं पडून राहणं, न बोलणं, अंघोळ टाळणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, हीसुद्धा त्याच आजाराची लक्षणं आहेत आणि ती आळसासारखी दिसतात. घरच्यांची बहुतेक टीका भास-भ्रमांवर नसते, या गप्प लक्षणांवर असते. ‘त्यानं ठरवलं तर जमेल, मुद्दाम करतो’ असं ज्यांना वाटतं ते जास्त बोलतात, हे अभ्यासांतही दिसतं आणि आमच्या ओपीडीतही.

पण सगळंच आजार आहे असंही मी म्हणणार नाही. अकरापर्यंत झोपण्यात रात्रीच्या गोळीची गुंगी किती, आजाराची मरगळ किती, उदासी किती आणि लागलेली सवय किती, हे इथून सांगता येणार नाही. ते डॉक्टरांना विचारायचं. गोळी किती वाजता घेतो, सकाळी डोकं जड असतं का, पाय सारखे हलवावेसे वाटतात का, हे लिहून न्या. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून सकाळ बरीच सुधारते अशी घरं मी पाहिली आहेत. अशा वेळी बाबा वर्षभर गोळीशीच भांडत होते असं निघतं.

आता अंघोळीचं उदाहरण जवळून बघू. बाबा दारात उभे राहून म्हणतात, “पाच दिवस झाले, वास मारतोय, लोक काय म्हणत असतील, तुझ्यापायी आईनं माहेरी जायचं बंद केलं, लाज कशी वाटत नाही?” एका दमात पाच गोष्टी. या आजारात ऐकलेलं डोक्यात उतरायला वेळ लागतो. त्याच्यापर्यंत त्यातलं एकच पोचतं, सूर. आणि अंघोळ राहतेच. त्याऐवजी: “पाणी तापलंय. टॉवेल आणि कपडे मोरीबाहेर ठेवलेत. चहाच्या आधी करतोस की नंतर?” एवढं बोलायचं आणि तिथून निघून जायचं. दारात उभं राहून वाट बघायची नाही. नाही उठला तर संध्याकाळी एकदा सांगायचं आणि त्या दिवसापुरतं सोडून द्यायचं. सुरुवातीला आठवड्यातून दोन ठरलेले वार मिळाले तरी मी ते चांगलं समजते.

याचा अर्थ बाबांनी रागावायचं नाही असा होत नाही. तुमचा मूळ प्रश्न इथेच आहे, म्हणून थोडं थांबते. राग कृतीवर असावा, ताजा असावा, त्यात मागणी असावी आणि तो संपावा. “रात्री टीव्ही मोठा होता, मला झोप लागली नाही, मी चिडलोय. दहानंतर आवाज कमी ठेव.” हे रागाचंच वाक्य आहे आणि ते घरात खुशाल चालतं. तो नीट ऐकेल, कदाचित चिडेलही, पण काय करायचं ते त्याला कळेल. “तुझ्यामुळे या घराची वाट लागली” या वाक्यावर तो काहीच करू शकत नाही. तिथे टीका संपून तिटकारा सुरू होतो. चंडीगडमध्ये १९८० च्या दशकात नरेंद्रनाथ विग, लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजमाप केलं. लंडनच्या तुलनेत तिथल्या घरांत टीका आणि अतिगुंतणूक बरीच कमी सापडली, आणि खेड्यांत शहरापेक्षाही कमी. पण सुरुवातीला जिथे तिटकारा होता, तिथे त्याचा संबंध दोन वर्षांनंतरच्या आजार उलटण्याशीही दिसला. म्हणून बाबांनी एकच गोष्ट सोडायची ठरवली तर कुठली, असं मला विचाराल तर मी म्हणेन, माणसावर बोट ठेवणारी वाक्यं. बाकी हळूहळू बघू.

आणि दोन दिवसांचं ते मौन. त्यांना वाटतं की गप्प राहून ते शांतता पाळताहेत. मुलाला मात्र ताट आपटल्याचा आवाज येतो, बाबा खोलीतून उठून गेलेले दिसतात. छोटा राग त्या त्या वेळी चार शब्दांत बोलून टाकलेला बरा, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत साठत नाही.

त्याच्यासमोर रडू आलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल. आईनं एवढंच म्हणावं, “मला वाईट वाटतंय. तू काही केलेलं नाहीस. थोड्या वेळानं बरं वाटेल.” ज्या आजारात संशय बऱ्याचदा असतो, त्या आजारात दिसणाऱ्या अश्रूंपेक्षा लपवलेली कुजबुज जास्त जाचते. स्वयंपाकघरात दोघांचं हळू बोलणं चाललंय आणि तो आला की एकदम बंद, हे त्याच्या बाजूनं कसं दिसत असेल याचा विचार करा. तो आला तर वाक्य पूर्ण करा. त्याच्याविषयी असलं तर सांगा, “तुझ्या पुढच्या अपॉइंटमेंटचं बोलत होतो.”

आईचा प्रश्न बाबांपेक्षा नाजूक आहे, कारण ती जे करते त्याला सगळे माया म्हणतात, आणि ती मायाच आहे. गोळी हातावर ठेवते, पाण्याचा ग्लास तोंडाशी धरते, तो मोरीत गेला की बाहेर उभी, रात्री त्याच्या दाराशी अंथरूण. लंडनच्या मापानं याला अतिगुंतणूक म्हणतील. मला ते माप आपल्याकडे जसंच्या तसं लावणं पटत नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाला आईनं वाढणं आपल्या घरात काही वावगं नाही. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा स्टीव्हन लोपेझ यांनी अभ्यास केला, त्यातही घरच्यांची ऊब जिथे कमी तिथे आजार जास्त उलटलेला दिसला. म्हणजे माया आवरती घ्या असा सल्ला तर मी अजिबात देणार नाही.

मी आयांना वेगळं विचारते: तो बरा होता त्या दोन वर्षांत जे स्वतः करत होता, त्यातलं आज तुम्ही काय काय करता? त्याची यादी करा आणि त्यातली एकच गोष्ट त्याला परत द्या. तुमच्या घरात ती चहाची असू शकेल, किंवा गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरण्याची. आई शेजारी बसेल, पण हात त्याचा. रात्री दाराशी झोपण्याबद्दल मात्र घाई नको. मागच्या वेळी तो रात्री घराबाहेर निघून गेला होता असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तिची भीती खरी आहे. आधी डॉक्टरांना विचारून ठरवा, मग अंथरूण शेजारच्या खोलीत न्या.

पुन्हा त्या ३५ तासांकडे या. सकाळी सात ते रात्री नऊ असं धरलं तर आईचा आणि त्याचा सहवास आठवड्याला ९८ तास होतो. आणि बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांचेही तेवढेच. पूर्वी ड्युटीमुळे ते दिवसभर बाहेर असायचे. मी असं म्हणत नाही की त्यांच्या निवृत्तीमुळे आजार उलटला. उलटण्याला दहा कारणं असतात, आणि मध्ये महिनाभर गोळ्या चुकल्या होत्या असं तुम्हीच लिहिलंय. पण ज्या घरात दोन माणसांचं एकमेकांशी पटत नाही, त्या घरात ती अचानक चोवीस तास समोरासमोर आली, हे बारकं कारण नव्हे.

एका घराचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडिलांची पिठाची गिरणी होती. मुलगा घरी बसून होता आणि बापलेकाचं रोज वाजायचं. वडिलांनी त्याला नाइलाजानं दुपारी दोन तास गिरणीत बसवायला सुरुवात केली. दळणाचे डबे काट्यावर ठेवायचे, वजन सांगायचं, नाव लिहिलेली चिठ्ठी डब्यावर लावायची. तिथे गिऱ्हाइकं उभी असायची, त्यामुळे वडील आवाज चढवू शकत नव्हते. गिरणीचा आवाज एवढा की लांबलचक बोलणंच शक्य नाही, “सात किलो, ज्वारी” एवढंच. मुलगा चार महिन्यांत तिथे घट्ट रुजला, आणि घरी मात्र तोच मुलगा, तेच वडील आणि तीच भांडणं. त्या कुटुंबाला आम्ही वेगळं काही शिकवलं नाही. गिरणीत तुम्ही जसं बोलता तसं घरी बोला, एवढंच सांगितलं. थोडक्यात, कामापुरतं आणि तिसरं माणूस समोर असल्यासारखं.

तुमच्या घरी सगळ्यांनी रोज दोन-तीन तास एकमेकांच्या नजरेआड असायला हवं. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड असतं, म्हणून कुणीतरी बाहेरच पडायला हवं. बाबांसाठी सकाळचं फिरणं, वाचनालय, एसटीतल्या जुन्या सोबत्यांचा कट्टा. आईसाठी भजनी मंडळ किंवा मंडई. भाऊ पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा असं तुम्ही लिहिलंय. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे आठवड्यातून दोनदा तासभर बसता येईल का ते बघा, पैसे किंवा नोकरी असं काही डोक्यात न ठेवता. कधी, ते त्याच्या तब्येतीवर आणि डॉक्टरांच्या मतावर. तीन आठवडे म्हणजे फार लवकर असू शकतं.

कौतुकाबद्दल थोडंच. खोटी शाबासकी त्याला लगेच कळते. जे घडलं ते नाव घेऊन सांगायचं: “स्कूटरचा प्लग तू साफ केलास, एका किकमध्ये सुरू झाली.” बाबांना ‘छान’ म्हणणं जमत नसेल तर हे नक्की जमेल.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही पुण्यात आहात याची टोचणी तुमच्या सगळ्या प्रश्नात आहे. रोज रात्री तुम्ही फोन करता आणि आईला विचारता, “जेवला का? गोळी घेतली का? काही बडबड करतोय का?” फोन स्पीकरवर असतो आणि तो त्याच खोलीत असतो. तुमची काळजी त्याच्यापर्यंत चौकशी होऊन पोचते, आणि आईपर्यंत परीक्षा होऊन. गोळ्यांचं बोलणं आठवड्यातून एकदा, आई बाहेर असताना करा. रोजचा फोन त्याला स्वतःला करा, दोन मिनिटं, गाडीबद्दल, क्रिकेटबद्दल. तो हं-हं एवढंच म्हणाला तरी तो फोन झाला. आणि बाबांना एक वेगळा फोन करा, ज्यात भावाचं नावच काढायचं नाही. निवृत्तीनंतर कसं वाटतंय हे त्यांना कुणीतरी विचारलंय का?

कारण बाबांच्या त्या टोमण्यांखाली मला दुःख दिसतं. ज्या मुलाकडून डिप्लोमा, नोकरी, लग्न असं सगळं मनात बांधलं होतं, तो मुलगा समोर बसलाय आणि ते सगळं गेलंय. माणूस गेलं तर लोक भेटायला येतात, सुतक असतं, तेरावं असतं. या दुःखासाठी आपल्याकडे काहीच नाही, म्हणून ते रागाच्या रूपानं बाहेर पडतं. हे दुःख बाबांनी कुणाजवळ तरी उघड बोललं पाहिजे, फक्त त्या मुलाजवळ नाही.

हे ओझं वाहण्याची किंमत शरीरही मोजतं. १९९५ साली ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या बायकांपेक्षा त्यांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. त्यांचा आजार वेगळा, देश वेगळा, पण आईची झोप आणि बाबांचं बीपी-शुगर तपासून घ्या असं मी यामुळेच सांगते. त्यांचा केसपेपर भावाच्या फायलीइतकाच महत्त्वाचा आहे.

बोलायचं कुणाजवळ? त्याच वाटेवरच्या लोकांजवळ. आपल्या देशात हे फार आधी ओळखलं गेलं. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून घरच्यांना रुग्णासोबत राहायला लावलं. ते रोज एकमेकांना बघत, विचारत, शिकत. पुढे १९८२ साली लेफ यांनी लंडनमध्ये २४ रुग्णांच्या कुटुंबांवर प्रयोग केला. निम्म्या घरांना आजाराची माहिती, घरी भेटी आणि नातेवाइकांचा गट दिला. त्या गटात जास्त टीका करणारे आणि शांतपणे वागणारे नातेवाईक मुद्दाम एकत्र बसवले. रुग्णांच्या गोळ्या दोन्हीकडे चालू होत्या. नऊ महिन्यांत ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ५० टक्के जणांचा आजार उलटला, मिळालं त्यांच्यात ९ टक्के. गट लहान होता, पण गटात मी स्वतः रोज जे पाहते त्याच्याशी ते जुळतं. एखाद्या बापाला माझं म्हणणं पटत नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचा दुसरा बाप म्हणतो, “मीपण असंच बोलायचो,” तेव्हा तो ऐकतो. पुण्यात आणि ठाण्यात शुभंकरांचे, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांचे, असे स्वमदत गट आहेत. तुम्ही पुण्यात आहात, तर पहिल्यांदा तुम्हीच जाऊन बसा. कराडच्या बाजूला काय आहे ते साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना विचारा. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन आजारी माणसानंच करायला हवा असं नाही.

वर लिहिलेलं सगळं तो स्थिर आहे असं धरून लिहिलंय. तो जीव देण्याचं बोलू लागला, कानात कुणी ‘हे कर’ असं सांगतंय म्हणाला, सलग दोन-तीन रात्री झोपला नाही, खाणं-पिणं सोडलं किंवा हातात काही घेऊन अंगावर आला, तर बोलण्याची पद्धत सुधारत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. जिवाला धोका असेल तर अंतर ठेवायचं आणि ११२ ला फोन करायचा. दारू किंवा गांजा चालू असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाज धरू नका, नाहीतर सगळा अंदाज चुकतो.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात बाबांनी माणसावर बोट ठेवणारं वाक्य टाळायचं. आईनं एक काम त्याच्या हातात परत द्यायचं आणि रोज दुपारी तासभर घराबाहेर पडायचं. तुम्ही फोन बदलायचा. एखादा दिवस बिघडेल, बाबा ओरडतील. त्या दिवशी रात्री त्यांनी त्याला एवढंच म्हणावं, “सकाळी मी जास्त बोललो,” आणि विषय तिथे थांबवावा. पुढच्या तपासणीला बाबांना सोबत न्या. ते दरवेळी बाहेर गाडीपाशी थांबतात असं तुम्ही लिहिलंय. या वेळी त्यांना आत बसवा आणि रात्रीच्या गोळीचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.